चमिंडा वास: मुरलीच्या सावलीतला डावखुरा, आणि आपल्या मॅटवर त्याचा कटर

डावखुरा_परभणी

शारजा म्हटलं की आपल्याकडं १९९८ आणि सचिन. २९ ऑक्टोबर २००० ची श्रीलंकेविरुद्धची फायनल कोणी काढत नाही, आणि काढलीच तर जयसूर्याच्या १८९ साठी काढतात. त्या दिवशी ३०० चा पाठलाग करताना भारत ५४ वर आटोपला. दोन आकडी धावा एकट्या रॉबिन सिंगच्या, त्याही ११. आणि ९.३ षटकांत १४ धावा देऊन ५ बळी घेणाऱ्या लंकेच्या डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाचं नाव स्कोअरकार्डावर होतं डब्ल्यू. पी. यू. जे. सी. वास. आद्याक्षरंच एवढी की आडनावापर्यंत पोचेस्तोवर वाचणारा दमतो.

कसोटीत १११ सामने, ३५५ बळी, सरासरी (एका बळीमागं दिलेल्या धावा) २९.५८. वनडेत ३२२ सामने आणि बरोबर ४०० बळी. वनडेत ४०० गाठलेले चौघंच आहेत: मुरली (लंकेचाच ऑफस्पिनर मुरलीधरन), पाकिस्तानचे वसीम अक्रम, वकार युनूस आणि हा. डावखुऱ्या वेगवान गोलंदाजांत कसोटीतले ३०० बळी वसीमनंतर पहिल्यांदा यानंच ओलांडले. तरी 'आवडता लेफ्टी कोण' म्हणून विचारलं तर वासचं नाव पाचव्या-सहाव्या नंबरला येतं, आलं तर. हा अन्यायच.

धागा काढायचं कारण वेगळंच आहे. परभणी, हिंगोली, नांदेड पट्ट्यात एखादं डावखुरं पोरगं बॉलिंग टाकायला लागलं की त्याला मोबाईलवर वसीम नाहीतर ऑस्ट्रेलियाचा स्टार्क दाखवतात. पोराचा वेग ताशी ११०, खाली मॅट नाहीतर काळ्या मातीचं झोपलेलं पीच, वर एप्रिलचं ऊन. त्याला स्टार्कचा यॉर्कर बघून काय मिळणार? त्यानं वास बघावा. कोलंबो-गॉलच्या फिरकीच्या पीचवर मध्यमगतीनं पंधरा वर्षं बळी काढणं ही जी कारागिरी आहे, ती आपल्या मैदानावर जशीच्या तशी लागू पडते. त्याच्याकडं मुख्य दोनच चेंडू होते: उजव्या फलंदाजाच्या आत येणारा इनस्विंगर आणि टप्पा पडून बाहेर निघणारा कटर. रनअप तोच, खांदा तोच. फलंदाजाला फरक कळायचा तो चेंडू पडल्यावर.

जाणकारांनी भर घाला. ग्रिप, मॅट, पीच, सगळ्यावर बोलू.

आकडेमोड

वास चांगलाच होता, पण 'अन्याय झाला' हे जरा जास्त होतंय. वसीम १०४ कसोटींत ४१४, म्हणजे सामन्याला जवळपास ४ बळी. वास १११ मध्ये ३५५, सामन्याला ३.२. सरासरीत वसीम २३.६२, वास २९.५८. सहा धावांचा फरक हा सावलीमुळं पडत नाही. पहिल्या रांगेतले आणि दुसऱ्या रांगेतले असा तो फरक आहे.

गोदाकाठ

आकडेमोड साहेब, हिशोब बरोबर आहे पण अर्धा आहे. वासच्या संघात दुसऱ्या टोकाकडून मुरली टाकत होता. त्याचे ८०० बळी १३३ कसोटींत, सामन्याला ६. एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याचे जास्तीत जास्त २० बळी. त्यातले ६ एकजण घेऊन जातो, पीच फिरकीचं असल्यानं उरलेल्यांत इतर फिरकीवाल्यांचाही वाटा. नव्या चेंडूच्या सात-आठ षटकांत जे मिळेल ते वासचं, मग लगेच फिरकी सुरू. अशा घरात ३.२ काढणं सोपं नाही.

तुलना करायचीच तर आपल्या झहीरशी करा, दोघांनाही सारखीच माती मिळाली. झहीर ९२ कसोटींत ३११, सरासरी ३३ च्या आसपास. श्रीरामपूरचा म्हणून झहीर आपल्याला जवळचा, त्याबद्दल वाद नाही. पण वास त्याच्यापेक्षा तीन धावांनी स्वस्त पडतो, हे कागदावर आहे.

आणि मुरलीच्या बळींत वासचा एक वाटा आहे जो स्कोअरकार्डावर दिसत नाही. डावखुरा गोलंदाज ओव्हर द विकेट (टाकणारा हात स्टंपाकडं ठेवून) टाकतो तेव्हा चेंडू सोडल्यावर त्याचे पाय पीचच्या ज्या बाजूला पडतात, तीच जागा समोरच्या टोकाकडून टाकणाऱ्या ऑफस्पिनरसाठी उजव्या फलंदाजाच्या ऑफस्टंपबाहेरची (बॅटच्या बाजूची) जागा असते. स्पाइक्सनं ती उकरली जाते. ऑफस्पिनरनं त्या खरबरीत टाकायचं आणि चेंडू आत वळवायचा. उजव्या हाताच्या वेगवान गोलंदाजाच्या पायानं ही खरबर लेगला (पायाच्या बाजूला) होते, तिचा ऑफस्पिनरला उजव्या फलंदाजापुढं उपयोग नाही. मुरलीला दुसऱ्या टोकाला डावखुरा मिळाला हा योग लंकेला फार लाभला.

तिसरी_स्लिप

वरच्यात एक सावधगिरी. हे मुद्दाम करायला जाऊ नका. पॉपिंग क्रीजपासून (स्टंपांपुढच्या रेघेपासून) १.५२ मीटर पुढं आणि मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ३०.५ सेंटिमीटर हा राखीव पट्टा आहे. फॉलोथ्रूमध्ये, म्हणजे चेंडू सोडल्यावर पळताना, त्यात पाय पडला तर पहिल्यांदा ताकीद, दुसऱ्यांदा शेवटची ताकीद, तिसऱ्यांदा त्या डावात बॉलिंग बंद. पोरं सरळ पळत जातात आणि तालुक्याच्या स्पर्धेतला अंपायर काही बोलत नाही. जिल्ह्याच्या सामन्यात गेलं की मग रडारड. चेंडू सुटल्यावर तिसऱ्या पावलाला उजवीकडं वळायची सवय नेटमध्येच लावा.

शिवण_वर

मी इनस्विंगवर लिहितो. आधी हे समजून घ्या की डावखुऱ्याला तो गरजेचा कामून आहे, कारण नव्वद टक्के कोच हे न सांगताच 'आत आण, आत आण' म्हणून ओरडायलेत.

हिशोब करा. क्रीजवरून चेंडू सुटतो तिथून समोरचे स्टंप साधारण १८.९ मीटर. समजा पोराचा हात मधल्या स्टंपच्या रेषेपासून ६० सेंटिमीटर बाहेर आहे आणि टप्पा स्टंपांच्या ६ मीटर अलीकडं, बरोबर मधल्या स्टंपच्या रेषेत पडला. म्हणजे १२.९ मीटरमध्ये चेंडू ६० सेंटिमीटर तिरका आला. त्याच तिरकेपणानं उरलेल्या ६ मीटरमध्ये तो आणखी २८ सेंटिमीटर पुढं सरकणार. तिन्ही स्टंपांची मिळून रुंदी २२.८६ सेंटिमीटर, अर्धी धरली तर साडेअकरा. म्हणजे सरळ चेंडू मधल्या स्टंपवर पडूनही ऑफस्टंपच्या सोळा सेंटिमीटर बाहेरून जाणार. ना बोल्ड, ना एलबी (पायचीत). तोच चेंडू लेगस्टंपच्या रेषेत पडला तर कुठं ऑफस्टंपची कड घासतो. म्हणून लेफ्टीनं पायावर मारल्यावर सगळी टीम अपील करते आणि अंपायर मान हलवतो. अंपायर बरोबर असतो.

यावर दोन उपाय. पहिला फुकटचा: स्टंपाच्या जवळून टाका. हात ६० ऐवजी ४० सेंटिमीटरवर आणला की तोच चेंडू १९ सेंटिमीटरच सरकतो, ऑफस्टंप थोडक्यात चुकतो. दुसरा उपाय हवेत आत आणणे, आणि वासचं सगळं घर त्यावर उभं होतं. फलंदाज तिरका कोन बघून चेंडू सोडायला बॅट वर घेतो आणि शेवटच्या चार-पाच मीटरमध्ये चेंडू परत फिरतो.

ग्रिप: शिवण उभी, पण किंचित फाइन लेगकडं (फलंदाजाच्या मागं, पायाच्या बाजूला) वळलेली. चकाकी ऑफच्या बाजूला म्हणजे तुमच्या डावीकडं, खरखरीत बाजू लेगला. तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या दोन्ही कडांना, दोघांत एका पेनाएवढी फट. अंगठा खाली शिवणीवर, त्याची बाजू टेकलेली. चेंडू आणि तळहात यांत मोकळी जागा दिसली पाहिजे. सुटताना मनगट चेंडूच्या सरळ मागं आणि शेवटचा स्पर्श दोन्ही बोटांचा एकदम, म्हणजे शिवण मागं फिरत सरळ जाते.

बिघडतं कुठं:

शिवण हवेत लडबडत असेल तर एक बोट दुसऱ्याच्या आधी सुटतंय, बहुतेक वेळा मनगट बाहेर पडतंय. चेंडू सरळ जातोय पण शिवण उभी आहे, तर चकाकीची बाजू तपासा, अर्ध्या वेळा पोरानं चेंडू उलटा धरलेला असतो. स्विंग होतो पण हातातूनच, पहिल्या मीटरपासून, तर तो फलंदाजाला दिसतो आणि तो आरामात फ्लिक करतो. बहुतेकदा शिवण फार वळवलेली असते, ती सरळ करत आणा. आणि सगळं बरोबर असून वळत नसेल तर टप्पा आखूड पडतोय. हवेत वळायला चेंडूला अंतर लागतं. नऊ मीटरवर आपटलात तर वळायच्या आधीच तो जमिनीवर.

मॅटवाला_जालना

शिवण_वर भाऊ, लई बारीक लिहिलंय. आता कटर. पण आधी नावाचं बघा, नाहीतर गोंधळ होतो. उजव्या हाताचा ऑफकटर उजव्या फलंदाजाच्या आत येतो. डाव्या हाताचा तोच चेंडू, तीच बोटं, आरशात बघितल्यासारखा उलटा, म्हणजे बाहेर जातो. बरेच समालोचक त्यालाही ऑफकटरच म्हणतात, काही जण लेगकटर म्हणतात. नाव काही ठेवा, हा डावखुऱ्या फिरकीवाल्याचाच चेंडू आहे, जोरात टाकलेला.

तर्जनी शिवणीवर आडवी नाही, शिवणीच्या कडेनं लांब ठेवा. मधलं बोट थोडं लांब, आधाराला. सुटताना तर्जनी चेंडूच्या डाव्या अंगावरून खाली ओढायची. पाण्याच्या बाटलीचं झाकण डाव्या हातानं उघडताना मनगट ज्या दिशेनं फिरतं, तीच दिशा. फिरवायचं थोडंच, पाव फेरी. जास्त फिरवलं की ती फिरकी होते आणि वेग पडतो.

वासचं कौशल्य कुठं होतं, तर हात. कटरला हाताचा वेग कमी झाला की फलंदाज वाचतो. हात पूर्ण वेगानं यायचा, चेंडू मात्र बोटावरून घसरल्यामुळं आपोआप थोडा हळू निघायचा. ही हळू होण्याची क्रिया बोटांनी करायची, खांद्यानं करायची नाही. आपल्याकडची पोरं उलटं करतात: आधी हात आखडतात, मग चेंडू हातातून वर सुटतो, कमरेएवढा फुलटॉस, आणि मिडविकेटच्या बाहेर ज्वारीच्या रानात शोधाशोध.

आता मॅट. काथ्याच्या मॅटवर कटर पीचपेक्षा जास्त पकडतो, कारण शिवण काथ्याच्या विणीत रुतते. पण मॅट कशी ओढलीय यावर सगळं. खाली मुरूम पाणी मारून रोलरनं बसवलेला, वर मॅट चारी बाजूंनी ताणून खिळे ठोकलेले असतील, तर चेंडू उसळतो आणि जोरात निघतो. तिथं कटर ५ मीटरच्या आसपास, पुढं टाका, नाहीतर वळून डोक्यावरून जातो. मॅट ढिली असेल, दोन बोटांत चिमटीत उचलता येत असेल, तर चेंडू थांबून येतो आणि भरपूर वळतो, उसळी कमी. तिथं ६ ते ७ मीटर चालतं, फलंदाजाचा फटका आधी होतो आणि कॅच कव्हरला. सामन्याआधी चालत जाऊन टप्प्याच्या जागी मॅट चिमटीत धरून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. सुरकुती पडली असेल तर अंपायरला सांगून ओढून घ्या. सुरकुतीवर पडलेला चेंडू कुठं जाईल ते टाकणाऱ्यालाही कळत नाही, आणि नव्या पोराच्या तोंडावर आलं तर अवघड.

मॅटवर स्पाइक्स घालू नका हे सांगायची गरज नसावी. रबरी सोलचे बूट, आणि शेवटचं पाऊल मॅटच्या कडेवर पडत नाही ना बघा. कडेवर घोटा वळतो.

बीडकर_पॉइंट

काळ्या मातीच्या पीचवर कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. आपली काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यात चिकण जास्त असल्यानं ती दाबून बसवली तर पीच चांगलं टणक होतं, पण पाण्याची वेळ सांभाळावी लागते. पाणी मारलं आणि लगेच रोलर फिरवला की माती रोलरला चिकटून पापुद्रा उचलला जातो. अंगठा दाबल्यावर खूण उमटते पण अंगठ्याला माती लागत नाही, ती वेळ रोलरची. आधी हलका, मग जड. मे महिन्यात टँकर दारात यायची मारामार, तिथं पीचला पाणी कोण देणार? मग पीच वरून कोरडं, आत भेगा, चेंडू गुडघ्याएवढा. अशा ठिकाणी चेंडू आपटून काही होत नाही. स्टंपात टाका, कटर मारा, एलबी आणि बोल्डवर जगा. वासचं जगणं तेच होतं, मेलेल्या पीचचा बादशहा तो.

बीडलाच जन्मलेल्या संजय बांगरनं २००२ मध्ये लीड्सला ६८ केले ते सगळ्यांना माहीत आहेत. मध्यमगतीनं चेंडू हलवणारा म्हणून तो कोणाच्या लक्षात नाही. मध्यमगतीवाल्यांचं नशीबच असं.

आकडेमोड

गोदाकाठ, मुरलीचा मुद्दा मान्य, खरबरीचा तर फारच आवडला. पण मेलेल्या पीचचा बादशहा म्हणायचं तर पुरावा द्या. शारजा आणि २००३ चा बांगलादेश सोडून. बांगलादेशविरुद्ध पहिल्या तीन चेंडूंवर हॅटट्रिक हा विक्रम भारी आहे, पण समोर कोण होतं तेही बघा.

गोदाकाठ

पुरावा घ्या. नोव्हेंबर-डिसेंबर २००१, वेस्ट इंडिजचा लंका दौरा, तीन कसोटी. लारानं त्या तीन कसोटींत ६८८ धावा केल्या. मालिकेचा निकाल काय? लंका ३-०. वासचे २६ बळी.

शेवटची कसोटी कोलंबोच्या एसएससी मैदानावर. लंकेनं सहाशेच्या वर केल्या, यावरून पीच कसं होतं ते कळेल. लारा पहिल्या डावात २२१, दुसऱ्यात १३०. एका सामन्यात एकट्यानं ३५१ काढले आणि तरी संघ १० गड्यांनी हरला, कारण वासनं १२० धावांत ७ आणि ७१ धावांत ७ बळी घेतले. सामन्यात १४. आपल्या उपखंडात एका कसोटीत १४ बळी घेणारा त्याच्याआधी एकच वेगवान गोलंदाज होता, इम्रान खान.

लारा डावखुरा, वासचा इनस्विंगर त्याच्यासाठी बाहेर जाणारा. तो पचवला त्यानं, त्याला सलाम. पण बाकीचे उजवे जे आत येणाऱ्यावर गेले ते गेलेच. आणि ही कसोटी संपून आठवडा व्हायच्या आत, त्याच मैदानावर ८ डिसेंबरला झिंबाब्वे वनडेत ३८ वर सर्वबाद. पहिले आठही बळी वासचे, १९ धावांत, त्यात हॅटट्रिक. शेवटचे दोन मुरलीनं चार चेंडूंत उचलले, नाहीतर दहाच्या दहा झाले असते. १९ धावांत ८ बळी ही वनडेतली सर्वोत्तम कामगिरी आजही त्याच्याच नावावर आहे. आता झिंबाब्वे दुबळी म्हणाल, म्हणा. दुबळ्यांविरुद्ध इतरही टाकत होतेच की, आठ कोणी घेतले?

तिसरी_स्लिप

आणि नेपियर विसरू नका. मार्च १९९५. लंकेनं परदेशात जिंकलेली पहिली कसोटी, २४१ धावांनी. वास २१ वर्षांचा, ४७ धावांत ५ आणि ४३ धावांत ५ बळी. ती हिरवी विकेट होती, मेलेली अजिबात नाही. म्हणजे हिरव्यावर स्विंग, पाट्यावर (सपाट, मेलेल्या पीचवर) कटर. शिवाय फलंदाजीतही दोन्ही डावांत तिशी ओलांडली. पुढं २००७ मध्ये बांगलादेशविरुद्ध नाबाद १०० आहे, कसोटीत तीन हजारांवर धावा आहेत. त्याच्यावर वेगळा धागा निघेल, इथं नको.

२००३ च्या वर्ल्डकपचं म्हणाल तर पीटरमॅरिट्झबर्गचं ते पहिलं षटक परत बघा. हन्नान सरकार बोल्ड, अशरफुल कॉट अँड बोल्ड, एहसानुल स्लिपमध्ये, आणि त्याच षटकात चौथा एलबी. चार बळी, चार वेगळे प्रकार. त्या वर्ल्डकपमध्ये त्यानं २३ काढले, तेव्हा एका वर्ल्डकपमधले सर्वाधिक. तो विक्रम ऑस्ट्रेलियाच्या मॅग्रानं २००७ ला २६ काढून मोडला. ब्रेट ली २२, मॅग्रा २१, यांच्या वर होता हा माणूस त्या वर्षी. ली ताशी १५० नं टाकायचा.

आकडेमोड

एसएससीवर मी गप्प. बाकी सरासरीवर आपला मतभेद राहू द्या.

शिवण_वर

एक तांत्रिक गोष्ट राहिली, चेंडूची. लंकेत कूकाबुरा कंपनीचा चेंडू वापरतात. त्याच्या शिवणीच्या सहा ओळींपैकी मधल्या दोनच हातानं घातलेल्या, बाहेरच्या चार मशीनच्या. वीस-पंचवीस षटकांत ती शिवण चापट होते. आपल्याकडं एसजी कंपनीचा, सगळी शिवण हाताची, उठावदार, आणि ती बराच काळ टिकते. वासनं कटर एवढा घासून तयार केला त्यामागं हे कारण असणारच: नवेपण गेलं की कूकाबुरा त्याला काही देत नव्हता, बोटांनीच काढावं लागायचं. आपल्या पोरांना एसजीवर तोच कटर जास्त पकडेल. म्हणजे शिकणाऱ्याला सोपं.

मात्र एसजी मुरमाड मैदानावर दहा षटकांत सोलून निघतो. चकाकी एकाच बाजूची सांभाळा, पहिल्या षटकापासून. थुंकी लावायला २०२० पासून बंदी, घामच चालतो, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हात घाम कपाळावर टिकत नाही. टोपीच्या आत, मानेच्या मागं मिळतो. कोरड्या बाजूला घामाचं बोट लागू देऊ नका. क्षेत्ररक्षकानं दोन्ही हातांनी चेंडू चोळला की दोन्ही बाजू सारख्या, मग ना साधा स्विंग ना रिव्हर्स (जुन्या चेंडूचा उलटा स्विंग). अकरा जणांना सांगून ठेवा की चेंडूला हात दोघांनीच लावायचा, बाकीच्यांनी शिवणीत धरून फेकायचा.

डावखुरा_परभणी

धाग्याचं सोनं केलंत सगळ्यांनी. आता नेटमध्ये लावायचा क्रम ठरवू, म्हणजे कोणाला उपयोग होईल. माझी मांडणी अशी, चुकलं तर दुरुस्त करा.

पहिले दोन आठवडे फक्त इनस्विंग. पूर्ण रनअप नाही, पाच पावलं. फलंदाज नाही. समोर एकच स्टंप, ऑफस्टंपच्या जागी. स्टंपांपासून ५ आणि ७ मीटरवर चुन्यानं दोन आडव्या रेघा, टप्पा त्यांच्या मध्ये. रोज ३० चेंडू, त्याहून जास्त नाही. वाढत्या वयाच्या पोराची कंबर पहिली जाते, आणि कंबरेचा ताण एकदा बसला की हंगाम गेला. १३ वर्षांखालच्यांना लहान चेंडू द्या, साधारण १४० ग्रॅमचा. मोठा १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, तो लहान हाताच्या तळव्यात रुतून बसतो आणि ग्रिपच बिघडते.

तिसऱ्या आठवड्यापासून कटर, पण रोज १२ चेंडूंवर नको. तर्जनीच्या आतल्या कडेला फोड येतो, पिकला की पंधरा दिवस घरी.

त्यानंतर मिसळ: चार आत, एक बाहेर. पाचवा कोणता ते पोरानं सांगायचं नाही, मागं उभं राहिलेल्यानं हात बघून ओळखायचं. ओळखता आलं की समजा हात आखडतोय.

मॅटवाला_जालना

क्रम बरोबर आहे. एकच बदल: चार-एकचं प्रमाण पीच बघून. ढिल्या मॅटवर दोन-एक करा, कटर तिथं मुख्य हत्यार आहे.

नवीन_सभासद_हिंगोली

सगळ्यांना नमस्कार. आमच्याकडं पोरं टेनिस बॉलवरच खेळायलेत, लेदरचा एकच आहे तोही जुना, शिवण बसलेली. यात इनस्विंग कसा शिकवायचा? कटर तरी जमंल का?

शिवण_वर

दादा, टेनिस बॉलला उठलेली शिवण नाही, त्यामुळं शिवणीचा स्विंग त्यावर शिकता येत नाही. कटरची बोटं मात्र शिकता येतात, वळेल कमी पण सवय लागेल. एक धोका: टेनिस बॉल हलका असल्यानं पोरं तो झटक्यानं फेकतात, कोपर वाकतं. महिनाभर नुसता टेनिस बॉल टाकला की लेदरवर हात वाकडा येतो. आठवड्यातून दोन दिवस तरी लेदर द्या.

तुमच्या त्या जुन्या चेंडूचं सोनं होईल. पांढरा ऑइलपेंट घ्या, लहान डबी पुरते. शिवणीच्या एकाच बाजूचा अर्धा गोल रंगवा, दोन दिवस वाळू द्या. पोराला दहा मीटरवरून जागेवर उभं राहून दुसऱ्याच्या हातात टाकायला सांगा. शिवण सरळ उभी गेली तर झेलणाऱ्याला लाल आणि पांढरा असे दोन स्वच्छ अर्धे दिसतात. मनगट पडलं की मधला भाग गुलाबी दिसतो. पोराला स्वतःलाही जाताना दिसतं, ओरडायची गरज नाही. रोज वीस वेळा. गुलाबी दिसायचं थांबलं की मगच रनअप द्या.

नवीन_सभासद_हिंगोली

पेंट घरात आहे, दाराचा उरलेला. निळा चालंल का?

शिवण_वर

चालंल. पातळ हात मारा, जाड बसला तर पापुद्रे निघतात.